कोणाचं इमान?

लहान मुलांना लष्करी विमानांच्या संग्रहालयात न्यावे काय, या प्रश्नावर दिवाळीच्या सुट्टीआधी आमच्या महाविद्यालयाच्या स्टाफरूममध्ये दोन दिवस वाद चालला होता. निमित्त अर्थातच मी. सुट्टीत गोव्याला जाणार असे सहज बोलून गेलो आणि मुलांना काय दाखवणार असे कोणी विचारल्यावर बोगमाळो येथील नौदलाच्या विमान-संग्रहालयाचे नाव घेतले. विज्ञान शाखेतील एका सहकाऱ्यांना हा बेत फारच आवडला. मुलांवर संस्कार व्हायचे तर असे व्हावेत, असे त्यांचे म्हणणे. आमच्याच विभागात कविता लिहिणारे एक सहकारी आहेत, त्यांना मात्र तो मुळीच रुचला नाही. सहा वर्षांच्या मुलीला माणसे मारण्याची यंत्रे कौतुकाने दाखवायची, हा त्यांच्या मते असंस्कृतपणा. दोघेही सज्जन, दोघेही वाचणारे. परंतु दोघांचे बोलणे ऐकताना मला राहून राहून वाटत होते, की या वादात ती सहा वर्षांची मुलगी कुठेच नाही. एकाच्या लेखी ती कोरी पाटी, दुसऱ्याच्या लेखी काचेचे भांडे. प्रत्यक्षात ती दिवसाकाठी शंभर प्रश्न विचारते आणि त्यांतल्या नव्वदांची उत्तरे मला येत नाहीत.

आम्ही गेलो. त्या भेटीविषयी, आणि तिच्या निमित्ताने आपल्या भाषेविषयी, थोडे लिहावे असे वाटते.

आधी आमच्या गावाविषयी. बोरी हे जिंतूर तालुक्यातले, परभणी-जिंतूर रस्त्यावरचे गाव. येथे विमान म्हणजे आभाळातली पांढरी रेघ. ती ओढणारा ठिपका कधी दिसतो, कधी दिसत नाही. आवाज तर बहुधा येतच नाही. माझी आजी विमानाला इमान म्हणत असे. विठोबाचा इठोबा आणि विस्तवाचा इस्तव करणाऱ्या बोलीत विमानाचे इमान होणे हा साधा ध्वनिनियम झाला, भाषाशास्त्राच्या तासाला मी तो उदाहरण म्हणून सांगतोही. पण आजी हा शब्द उच्चारी तेव्हा फारसीतून आलेले ते दुसरे इमान, निष्ठेचे, माझ्या कानात आपोआप मिसळून जाई. तिला एकच गोष्ट सांगायची असे, आणि ती १९४८ सालच्या सप्टेंबरातली. ती तेव्हा दहा-अकरा वर्षांची असावी. खरिपाची ज्वारी डोक्याच्या वर गेलेली. आभाळात घरघर ऐकू आली आणि तिच्या आईने तिला दंडाला धरून ज्वारीत ओढले. दोघी ताटांच्या आड उकिडव्या बसल्या. बांधावरच्या एका म्हाताऱ्याने वर बघत विचारले, "कोणाचं इमान हाय?" उत्तर कोणाकडेच नव्हते. आवाज गेला, पुष्कळ वेळाने त्या बाहेर आल्या, आणि गोष्ट संपली. लहानपणी मला ही गोष्ट अपुरी वाटायची. विमानाने काही टाकले नाही, कोणी मेले नाही, म्हणजे काही घडलेच नाही, असा माझा समज.

तो प्रश्न किती नेमका होता हे पुढे वाचनात आल्यावर कळले. त्या वर्षी हैदराबाद संस्थानात दोन तऱ्हेची विमाने येत होती. सिडनी कॉटन नावाचा एक ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून रात्रीच्या वेळी निजामासाठी शस्त्रे आणून बीदरसारख्या धावपट्ट्यांवर उतरवत होता. आणि १३ सप्टेंबरला पोलीस कारवाई सुरू झाली तेव्हा भारतीय वायुसेनेच्या टेंपेस्ट विमानांनी संस्थानातल्या धावपट्ट्यांवर बॉम्ब टाकले. १७ तारखेला सारे संपले. तो दिवस आपण मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन म्हणून पाळतो. म्हणजे एक विमान रझाकारांच्या बंदुका आणणारे आणि दुसरे त्यांच्यापासून सोडवणारे. ज्वारीत बसलेल्या मुलीला दोन्हींचा आवाज सारखाच. मुक्ती देणारे विमानसुद्धा खालून ओळखू येत नाही.

आजी बरीच जगली. २०१५च्या दुष्काळात औरंगाबादहून (आता छत्रपती संभाजीनगर) कृत्रिम पावसासाठी विमान उडवले जात होते, तेव्हा गावातली माणसे हाताची आडोशी करून ढगांकडे बघत. ऐंशीच्या घरातली आजीही अंगणात येऊन बसे. "पाऊस पाडायचं इमान" असे तिला सांगितले तर तिने मान हलवली, आणि थोड्या वेळाने हळूच विचारले, "पर कोणाचं?" आम्ही सगळे हसलो होतो.

ही पार्श्वभूमी घेऊन आम्ही बोगमाळोला पोचलो. दाबोळी विमानतळाला लागूनच हे संग्रहालय आहे. १९९८ साली ते सुरू झाले. बाहेर मोकळ्या आवारात विमाने व हेलिकॉप्टरे उभी, आत दुमजली इमारतीत दालने. सकाळी लवकर गेलो तरी ऊन लागत होते. लहान मुलांना घेऊन जाणाऱ्यांना माझा सल्ला आहे की बाहेरचे आधी पाहून घ्यावे, आणि फलक तर मुळीच वाचून दाखवू नयेत. मी पहिले तीन फलक प्राध्यापकी इमानाने वाचून दाखवले. वेग, पल्ला, इंजिन, दाखल झाल्याचे वर्ष. चौथ्याशी पोचलो तेव्हा दोघेही माझ्याजवळ नव्हते. थोरला, वय नऊ, एका विमानाच्या पोटाखाली वाकून बघत होता आणि धाकटी दुसऱ्याच एका विमानाशी काही बोलत होती.

ती ज्याच्याशी बोलत होती ते शॉर्ट सीलँड. आपल्या नौदलाने १९५३ साली घेतलेले पहिले विमान. हे जमिनीवर उतरते तसेच पाण्यावरही उतरते, म्हणून त्याचे पोट होडीच्या तळासारखे. "हे विमान आहे की होडी?" या प्रश्नावर मी दोन्ही असे उत्तर दिले, ते तिला अजिबात पटले नाही. एकाच वस्तूने दोन असणे हे सहा वर्षांच्या वयात लबाडीत मोडते. जवळच एचटी-२ हे शिकाऊ वैमानिकांचे छोटे विमान. याच्यापाशी मी जरा रेंगाळलो, कारण १९५१ साली प्रथम उडालेले हे विमान ज्यांच्या नेतृत्वाखाली आखले गेले ते डॉ. विष्णु माधव घाटगे आपल्या मराठी मुलखातले. गॉटिंगेनला प्रांटल यांच्या हाताखाली शिकून आलेला हा माणूस किती मराठी पदवीधरांना नावाने माहीत असेल? शिवकर बापूजी तळपदे यांनी राइट बंधूंच्या आधी चौपाटीवर विमान उडवल्याची कथा मात्र प्रत्येक वर्गात निदान दोघांना पाठ असते. पुरावा नसलेले आपल्याला पुरावा असलेल्यापेक्षा जास्त आवडते. असो.

थोरल्याला बाकी साऱ्यांपेक्षा सी हॅरियर महत्त्वाचे. हे विमान उभ्याउभ्या खाली उतरते, हे त्याने कुठेतरी पाहिले होते. कसे, हा त्याचा प्रश्न. इंजिनाचा झोत बाहेर टाकणारी चार तोंडे अंगाला असतात, ती मागे वळवली की विमान पुढे जाते, खाली वळवली की तरंगते, एवढे मला सांगता आले. त्याने लगेच घरामागच्या नळाच्या पाइपाची उपमा दिली. पाइपाचे तोंड खाली धरून पाणी सोडले की हाताला वरचा धक्का बसतो तसे. ही उपमा मला सुचली नव्हती. १९८३पासून ही विमाने नौदलात होती आणि २०१६ साली याच दाबोळीच्या तळावर त्यांना निरोप दिला गेला. एका कुशल यंत्रापुढे नऊ वर्षांचा मुलगा जेव्हा तोंडाचा चंबू करून उभा राहतो तेव्हा तो हिंसेपुढे उभा नसतो. आमच्या कविमित्रांना हे मला सांगायचे आहे. रहाटाची माळ कशी फिरते हे बघणारे माझे आजोबा असेच उभे राहत.

आवारातले सर्वांत मोठे धूड म्हणजे सुपर कॉन्स्टेलेशन. चार पंखे, तीन शेपट्या, माशासारखी वळणदार पाठ. याची कुळकथा मी घरूनच वाचून गेलो होतो आणि सगळ्या प्रवासभर ती मुलांपासून लपवून ठेवली होती. हे विमान जन्माने लष्करी नाही. १९५०च्या दशकात एअर इंडिया इंटरनॅशनलने सुपर कॉन्स्टेलेशन विमाने घेतली आणि त्यांना राण्यांची नावे दिली. बोगमाळोला उभी आहे तिचे नाव होते 'रानी ऑफ एलोरा'. वेरूळची राणी! बोइंग ७०७ आल्यावर या राण्यांचे दिवस भरले. ही वायुसेनेकडे गेली, तेथून १९७६ साली नौदलाकडे आली आणि समुद्रावर टेहळणी करू लागली. ज्या खिडक्यांतून प्रवाशांनी चहा पीत ढग पाहिले त्यांतूनच पुढे पाणबुड्यांच्या मागावर असलेल्या डोळ्यांनी समुद्र पाहिला.

वेरूळ मुलांनी पाहिलेले होते. कैलास लेणे तर दोघांनाही चांगले आठवत होते, कारण तिथे धाकटी हरवली होती आणि अर्ध्या तासाने एका दगडी हत्तीपाशी सापडली होती. त्या लेण्याच्या शिखराच्या भागालाही शास्त्रात विमान म्हणतात हे मी सांगितले. तुकोबांना न्यायला आले तेही विमान, हे त्यांना ठाऊक होतेच. "मग हे वेरूळचं विमान इथं का उभं आहे?" धाकटीने विचारले. मग लगेच, "हे आता कुणाचं आहे?"

आजीचा प्रश्न असा पणतीच्या तोंडून, शुद्ध मराठीत, गोव्याच्या उन्हात माझ्यापुढे आला.

नौदलाचे, असे मी सांगितले. तिचे तेवढ्यावर भागले. माझे भागले नाही. संग्रहालयातल्या फलकावर वस्तूचे नाव असते, कर्त्याचे असते, मालकाचेही असते. ती वस्तू ज्यांच्या डोक्यावरून गेली त्यांचे नाव नसते. कोणत्याच देशाच्या संग्रहालयात ते नसते, तेव्हा एकट्या बोगमाळोला दोष देण्यात अर्थ नाही. फलकाचा तो साहित्यप्रकारच तसा आहे. पण मराठीचा शिक्षक म्हणून मला पडलेला प्रश्न वेगळा आहे. फलक जे सांगत नाही ते मुलाला सांगण्यासाठी माझ्या भाषेत शब्द आहेत काय?

प्रश्न पुढ्यात येऊन उभा राहिला तो सी हॉकजवळ. हे एकाच वैमानिकाचे विमान 'विक्रांत'वरून उडत असे. १९७१च्या डिसेंबरात, ४ तारखेपासून, विक्रांतवरच्या सी हॉक आणि अलिझे विमानांनी बंगालच्या उपसागरातून जाऊन चितगाव आणि कॉक्स बाजार येथे हल्ले केले. पूर्व पाकिस्तानची समुद्राकडची वाट त्यामुळे बंद झाली. थोरल्याला मी हे उत्साहाने सांगत होतो, माझा आवाजही चढला असावा, कारण शेजारचे एक कुटुंब थांबून ऐकू लागले. तेव्हा त्याने विचारले, "खाली कोण होतं?" मी म्हणालो, शत्रूची बंदरे, धावपट्ट्या, जहाजे. "नाही, म्हणजे माणसं कोण होती?"

येथे मी अडखळलो. ते युद्ध आवश्यक होते याबद्दल माझ्या मनात संशय नाही. एक कोटीच्या आसपास निर्वासित आपल्या देशात आले होते, आणि चितगावच्या सामान्य माणसांना त्या युद्धाने मोकळे केले. हे मी त्याला सांगितले. पण त्याचा प्रश्न न्याय-अन्यायाचा नव्हताच. विमान खूप वरून जाते, वेगाने जाते, एक माणूस आत बसलेला, मग त्याला खालचा कोण हे कसे कळत असेल, असा तो साधा यांत्रिक कुतूहलाचा प्रश्न होता, हॅरियरच्या तोंडांसारखाच. आणि मी उत्तर शोधू लागलो तेव्हा जे शब्द हाताशी आले ते सगळे गडावरचे होते.

वाचकांनी हे स्वतः पडताळून पाहावे. विमानातून समुद्र न्याहाळण्याला आपण टेहळणी म्हणतो. तो टेहळणीच्या बुरुजावरून आलेला शब्द. आघाडी, पिछाडी, चढाई, मोर्चा, हे सारे पायदळाचे आणि घोडदळाचे. सर्वांत बोलका शब्द म्हणजे बॉम्बफेक. तो दगडफेक या शब्दाच्या साच्यावर पाडलेला आहे. दगडफेकीत फेकणारा समोर असतो. त्याचा हात दिसतो, त्याचा राग दिसतो, दगड संपले की तो पळतो, आणि ज्याला लागतो तो त्याला ओळखूही शकतो. बॉम्बफेक म्हणताच आपल्या मनाने हा सगळा देखावा गृहीत धरलेला असतो. प्रत्यक्षात तिथे हात नाही, ओळख नाही, रागसुद्धा असेलच असे नाही. शब्दाने अंतर पुसून टाकले. वृत्तपत्रातली बॉम्बफेक वाचून मराठी वाचक शांतपणे पुढच्या पानाकडे वळतो, याचे थोडे श्रेय मी या शब्दाच्या घडणीलाही देतो.

याचे मूळ आपल्या वीरवाङ्मयात आहे असे माझे मत आहे. अगीनदासाचा अफझलखानवधाचा पोवाडा घ्या किंवा तुळशीदासाचा सिंहगडाचा. दोन माणसे एकमेकांच्या आवाक्यात आहेत. एकाच्या अंगरख्याखाली काय आहे, दुसऱ्याचा हात कुठे पोचतो, यावर सारा खेळ. शाहिराला शत्रूचेही नाव ठाऊक असते, उदेभानाचा देह आणि बळ तो रंगवून सांगतो, कारण शत्रू मोठा असल्याखेरीज तानाजी मोठा होत नाही. म्हणजे पोवाड्याच्या शौर्यकल्पनेत समोरच्याचे अस्तित्व अनिवार्य आहे. विमानयुद्धात नेमके तेच नाहीसे होते, आणि तरीही आपण डफ तोच वाजवत राहतो. शाळाशाळांतून नव्या युद्धांवर गायिले जाणारे पोवाडे ऐकावेत: विमानाचे नाव, वेगाचे वर्णन, वैमानिकाचा जयजयकार. उदेभानाच्या जागी कोणी नाही. ज्यांना विमानांचे हे कौतुक खटकते ते गप्प बसतात, किंवा 'युद्ध वाईट असते' एवढे एक वाक्य बोलतात, आणि त्या वाक्यातही कोणी माणूस नसतो.

मी म्हणेन की आपल्याकडे याहून जुनी आणि याहून शहाणी एक गोष्ट आहे, आणि त्या दिवशी ती मला वेळेवर आठवली हे माझे नशीब. कैलास लेण्यात रावण आणि जटायू यांच्या झुंजीचे शिल्प आहे. आभाळातली लढाई म्हणावी अशी ही आपली पहिली गोष्ट, आणि घरोघर ती पाच-सहा वर्षांच्या मुलांना सांगितली जाते. कोणी त्याला असंस्कृतपणा म्हणत नाही. पण ती आभाळात संपत नाही. पंख तुटलेला जटायू जमिनीवर पडतो. राम-लक्ष्मण पायी येतात. ते त्याला आधी शत्रूच समजतात, कोणाचा म्हणून विचारतात, मग जवळ बसून त्याचे ऐकतात आणि शेवटी त्याचे क्रियाकर्म करतात. वर काय झाले हे कळते ते खाली पडलेल्याच्या तोंडून. मी थोरल्याला एवढेच म्हणालो, की खाली माणसे होती. बंदरातले हमाल, खलाशी, शिपाई, कदाचित कामावर निघालेले कोणी. वरच्याला ती दिसत नव्हती. आणि तुझ्या पणजीला १९४८ साली वरचा दिसला नव्हता. मग ज्वारीची गोष्ट सांगितली. पहिल्यांदाच. आजीची ती अपुरी गोष्ट मुलाला सांगण्याजोगी आहे असे मला तोवर कधी वाटलेच नव्हते. त्याने सी हॉककडे पाहिले, मग वर आभाळाकडे, आणि विचारले, "ज्वारीत बसलं तर वरून खरंच दिसत नाही?"

याचेही उत्तर मला येत नव्हते.

तेवढ्यात शेजारच्या तळावरून एक खरे लढाऊ विमान उडाले. पुस्तकांत गडगडाट, कडकडाट वगैरे लिहितात, ते या आवाजाला पुरत नाही. तो छातीत होतो. आवारातली सगळी मुले टाळ्या पिटत कुंपणाकडे धावली, थोरलाही त्यांत. धाकटी उलट दिशेने पळाली आणि वेरूळच्या राणीच्या चाकाआड, दोन्ही कानांवर हात ठेवून, उकिडवी बसली. तिला कोणी शिकवले नव्हते. बायको तिला उचलायला गेली. मी जागचा हललो नाही.

विमानतळावरचा हा आवाज दाबोळीला नवा नाही. १८ डिसेंबर १९६१च्या सकाळी याच धावपट्टीवर वायुसेनेच्या १२ कॅनबेरा विमानांनी बॉम्ब टाकले. इमारतींना धक्का लावू नये असा हुकूम होता आणि तो पाळला गेला. पोर्तुगीजांची दोन मोठी प्रवासी विमाने तेथे उभी होती, त्यांतले एक सुपर कॉन्स्टेलेशनच. ती जशीच्या तशी हाती यावीत म्हणून त्यांनाही सोडले होते. रात्री पोर्तुगीजांनी धावपट्टीतले खड्डे घाईने बुजवले आणि काही अधिकाऱ्यांच्या कुटुंबांना बसवून दोन्ही विमाने निसटली. त्यांत मुलेही असणार. गोवामुक्तीचा आनंद मला कोणापेक्षाही कमी नाही, माझ्या आजीच्या गावाची मुक्तीही तशीच आलेली. पण त्या रात्री त्या विमानातल्या एखाद्या सहा वर्षांच्या मुलीने काय विचारले असेल, हे आता मला सुचल्यावाचून राहत नाही. आणि १ ऑक्टोबर २००२ रोजी याच परिसरात, आपल्याच नौदलाची दोन इल्युशिन-३८ विमाने उत्सवाच्या उड्डाणात एकमेकांवर आदळली. त्यांतले बाराही जण गेले, खाली जमिनीवरची काही माणसेही गेली. तिथे शत्रू कोणीच नव्हता.

आतली दालने आम्ही भराभर पाहिली. शस्त्रांच्या विभागातून धाकटीला बायकोने परस्पर बाहेर नेले, ते मला योग्य वाटले. कुठल्याही संग्रहालयात सगळे सगळ्यांनी बघावे असा काही नियम नाही. थोरला विक्रांतच्या छोट्या प्रतिकृतीपाशी थांबला. खरे जहाज कुठे आहे, असे त्याने विचारले. १९६१ साली बेलफास्टला नौदलात दाखल झालेली, १९९७ साली निवृत्त झालेली विक्रांत पुढे बरीच वर्षे मुंबईत तरंगते संग्रहालय म्हणून होती आणि २०१४ साली भंगारात विकली गेली, हे सांगताना मला थोडी लाज वाटली. त्याला वाटली नाही. त्याला आठवण झाली आमच्याच गल्लीतल्या एकाच्या मोटारसायकलची. बजाजने विक्रांतचे काही पोलाद घेऊन २०१६ साली एक गाडी बाजारात आणली होती. तिच्या टाकीवर बोट आपटून मालक सगळ्या गल्लीला सांगत असतो, "हे जहाज आहे, जहाज." आम्ही त्याच्यावर कधी विश्वास ठेवला नव्हता. या मोटारसायकलवर परवापर्यंत कडब्याच्या पेंढ्या येत होत्या. युद्धनौकेचे याहून चांगले काही व्हावे असे मला वाटत नाही, पण हे मत विज्ञान शाखेतल्या सहकाऱ्यांना मी अजून सांगितलेले नाही.

नंतर बोगमाळोच्या किनाऱ्यावर मुले वाळूत खेळली. धाकटीने वाळूचे विमान केले, त्याचे पोट होडीसारखे. लाट आल्यावर ते खरेच होडी झाले म्हणून ती खूश. थोरला मात्र पालथा झोपून, डोके वर करून, आभाळातून आपण कसे दिसत असू हे बहिणीला समजावून देत होता.

सुट्टी संपल्यावर त्याला शाळेत निबंध होता: मी पाहिलेले संग्रहालय. वही मी नंतर पाहिली. पंधरा-वीस ओळी. विमानांची नावे, हॅरियरची चार तोंडे, पाण्याचा पाइप, विक्रांत आणि मोटारसायकल, सगळे ओळीने. शेवटून दुसरे वाक्य असे होते: 'विमानाच्या खाली माणसे होती आणि माझी पणजी ज्वारीत बसली होती.' त्याखाली लाल शाईची रेघ आणि समासात एक शब्द, विषयांतर. दहापैकी सात. थोरल्याने मला विचारले, की हे चुकले आहे का. मी वही हातात धरून उभा होतो. दुसऱ्या हातात विद्यापीठाच्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा होता, आणि त्यांतल्या दोन-तीनांच्या समासात त्याच दुपारी मी तोच शब्द, तशाच शाईने, लिहून आलो होतो.